पिवळं, निळं, हिरवं : रंगाच्या आत मशीन तेच का?

ड्रिल किंवा ग्राइंडर घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात उभं राहिलं की कुणीतरी हमखास सांगतं, "अहो, आतलं मशीन एकच असतं. वर 'प्रोफेशनल' लिहिलं की दुप्पट पैसे. नुसता स्टिकरचा खेळ!" सांगणारा कधी दुकानातला पोऱ्या असतो, कधी सोबत आलेला मेहुणा. ऐकणाऱ्याला ते लगेच पटतं, कारण नावाखाली पैसे उकळले जातात हा अनुभव प्रत्येकाच्याच गाठीशी असतो.

या समजुतीत तथ्य नाही असं नाही. गंमत अशी, की ती जिथे लागू पडते तिथे सहसा कुणी शंका घेत नाही, आणि जिथे शंका घेतात तिथे मशीन बहुधा खरोखरच वेगळं असतं.

समजुतीला खतपाणी घालणारी खरी गोष्ट आधी पाहू. ब्लॅक अँड डेकर ही अमेरिकेतली जुनी, नावाजलेली कंपनी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन मंडळींनी तिच्याकडे पाठ फिरवून जपानच्या माकिताची यंत्रं हाती घेतली होती. ब्लॅक अँड डेकरची मशिनं कामाला वाईट होती म्हणून नव्हे, चाचण्यांत ती बहुतेक बरोबरीचीच ठरत होती. अडचण नावाची होती. कंपनीने १९८४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा छोट्या घरगुती उपकरणांचा धंदा विकत घेतला होता, त्यामुळे टोस्टरवर जे नाव तेच ड्रिलवर. सकाळी ज्या नावाच्या टोस्टरमध्ये पाव भाजला त्याच नावाचं मशीन चार लोकांसमोर साइटवर काढायचं, हे कारागिराला कमीपणाचं वाटे. मग कंपनीने १९६० पासून आपल्याच मालकीचं असलेलं 'डीवॉल्ट' हे जुनं नाव धूळ झटकून बाहेर काढलं, करड्या रंगाच्या जागी झगझगीत पिवळा आणला, आणि १९९२ मध्ये आपली व्यावसायिक यंत्रं त्या नावाने बाजारात उतरवली. पुढची गोष्ट जगाला ठाऊक आहे.

म्हणजे स्टिकर बदललं, हे खरंच. पण कोणत्या मशीनवरचं? घरगुती ड्रिलला पिवळा रंग फासून ते कारागिराच्या गळ्यात मारलेलं नव्हतं. जी मालिका आधीपासून व्यावसायिक कामासाठीच बनत होती, तिचंच नाव बदललं. हा फरक सांगोवांगीत गळून जातो आणि 'डीवॉल्ट म्हणजे रंगवलेलं ब्लॅक अँड डेकर' एवढंच उरतं.

दुसरा गैरसमज याच घरातला: मालक एक म्हणजे माल एक. मालकी खरोखरच मोजक्या हातांत आहे. स्टॅनली आणि ब्लॅक अँड डेकर २०१० मध्ये एकत्र झाल्या. आज त्या एका छत्राखाली डीवॉल्ट, स्टॅनली, ब्लॅक अँड डेकर, क्राफ्ट्समन, पोर्टर-केबल, आयर्विन अशी नावं नांदतात. हाँगकाँगच्या टीटीआय या कंपनीने २००५ मध्ये मिलवॉकी हा ब्रँड घेतला. रायोबी या नावाची पॉवर टूल्सही तीच बनवते. बॉशची हिरवी यंत्रं हौशी घरगुती वापरासाठी आणि निळी व्यावसायिकांसाठी. आपल्याकडच्या दुकानांत मुख्यतः निळीच दिसतात.

या एकत्र कुटुंबांत वाटावाटी चालतेच, पण ती बहुतेक एकाच पायरीवर. अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर आणि पोर्टर-केबल यांच्या २० व्होल्टच्या बॅटऱ्या आतून जवळजवळ सारख्या. एकीची बॅटरी दुसरीला लागू नये म्हणून फक्त प्लॅस्टिकच्या खाचा वेगळ्या ठेवलेल्या. तिथले हौशी लोक कड तासून त्या एकमेकांना लावतात (आपण करू नये, लिथियमच्या बॅटरीशी असले प्रयोग अंगाशी येतात). वरच्या पायरीवरही असंच. मॅक टूल्स हा त्याच गटातला, गॅरेजच्या मेकॅनिकना माल विकणारा ब्रँड. त्याची बॅटरीवरची बरीच यंत्रं डीवॉल्टचीच, कपडे बदललेली. स्वस्तातलं स्वस्ताशी आणि महागातलं महागाशी अदलाबदल होतं. तळमजल्यावरचं मशीन उचलून तिसऱ्या मजल्याच्या दराने विकणं कंपनीलाच परवडत नाही. कंत्राटदार महिन्याभरात ते जाळून परत आणतो आणि पुन्हा त्या रंगाकडे फिरकत नाही.

आता प्रत्यक्ष मशीन उघडू. आर्मेचर वाइंडिंगच्या एखाद्या दुकानात दोन चार-इंची ग्राइंडर शेजारी शेजारी खोलायला सांगा, एक चांगल्या कंपनीचा व्यावसायिक आणि एक अर्ध्या किमतीचा. बाहेरून घाट तोच, बटण त्याच जागी, वजनही उन्नीस-बीस. पुढचे चार स्क्रू काढून हेड सोडवलं की मोटरच्या टोकाचा छोटा गिअर आणि डिस्क फिरवणारा मोठा गिअर दिसतो. एकाचे दात कापून, मग तापवून कडक केलेले. दुसऱ्याचे धातूची भुकटी साच्यात दाबून भाजलेले. भुकटीचा गिअर वाईटच असतो असं नाही, चांगल्या मशिनांतही तो काही ठिकाणी सापडतो. पण डिस्क लोखंडात अडकून झटका बसतो तेव्हा दात कुठले उडतात, हे त्या दुकानाच्या भंगाराच्या डब्यात बघायला मिळतं.

खरा फरक त्याच्या मागे, आर्मेचरमध्ये, म्हणजे मोटरच्या तारा गुंडाळलेल्या फिरत्या भागात. ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि मोटर थंड ठेवायला पंख्याने हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर लोखंडाचा कीस नि दगडाची धूळ आत येते आणि तांब्याच्या तारांवर सतत घासत राहते. तारेवरचं इनॅमल गेलं की वेढे शॉर्ट होतात, जळका वास येतो आणि मिस्त्री म्हणतो, "आर्मेचर गेलं." व्यावसायिक ग्राइंडरमध्ये या वेढ्यांवर वॉर्निशचा किंवा रेझिनचा जाड थर चढवलेला असतो, तो याच घासण्यासाठी. स्वस्तात तो थर पातळ, आणि कधी कधी फील्ड कॉइलमध्ये तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. मग बेअरिंग. एकीकडे दोन्ही टोकांना धूळ अडवणाऱ्या सीलची बॉल बेअरिंगं, तर दुसरीकडे एखाद्या टोकाला साधं बुश. शेवटी कार्बन, म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणारे तुकडे. अनेक चांगल्या मशिनांतले कार्बन झिजत आले की आपोआप संपर्क तोडून मशीन थांबवतात. साधे कार्बन शेवटपर्यंत घासत राहतात, मग मागची स्प्रिंग आर्मेचरवरच्या कॉम्युटेटरला ओरबाडते आणि किरकोळ खर्चाचं काम आर्मेचर बदलण्यावर जातं.

यातली एकही गोष्ट दुकानात मशीन चालू करून कळत नाही. पहिल्या दिवशी दोन्ही ग्राइंडर सारखंच कापतात. पहिल्या महिन्यातही, दिवसाला दहा मिनिटं चालवलं तर. 'आतलं एकच असतं' ही समजूत इतकी चिवट का, याचं उत्तर इथे आहे. घरी वापरणारा फरक दिसण्याच्या टप्प्यापर्यंत कधी पोचतच नाही, त्यामुळे त्याचा अनुभव खोटा नसतो. फक्त तो फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये लागू पडत नाही. तिथे ग्राइंडर सकाळी नऊला सुरू होतो आणि जेवणाच्या सुट्टीतच काय तो गार होतो.

आकड्यांचे गैरसमज वेगळे, आणि त्यांत कंपन्यांचाच हात आहे. '१८ व्होल्टपेक्षा २० व्होल्टचं मशीन ताकदीचं' हा त्यातला सर्वांत लोकप्रिय. दोन्ही बॅटऱ्यांत लिथियमचे सेल पाचच्या ओळीने जोडलेले असतात. एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट, पाचांचा १८. नुकत्याच चार्ज केलेल्या, भार नसलेल्या सेलचा दाब ४ व्होल्टच्या वर असतो, म्हणून पाचांचा २०. अमेरिकेत डीवॉल्ट जे '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकतं, तेच युरोपात '१८ व्होल्ट' म्हणून. बारीक अक्षरांत हे लिहिलेलंही असतं. १२ आणि १०.८ व्होल्टचं गणितही हेच, तिथे सेल तीन. स्टिकरचा खेळ हुडकायचाच असेल तर तो इथे आहे, अगदी नामवंतांच्या डब्यावर.

वॉटचंही तसंच. ग्राइंडरवर छापलेले वॉट म्हणजे मशीन भिंतीतल्या प्लगमधून ओढतं ती वीज. डिस्कपर्यंत पोचते ती ताकद नव्हे. मधला मोठा वाटा उष्णतेत जातो. म्हणून खोक्यावर मोठा आकडा मिरवणारं स्वस्त मशीन जास्त काम करतंच असं नाही, कधी कधी ते फक्त जास्त तापतं. आरसीसीच्या कॉलममध्ये भोक पाडताना तर वॉट बघूच नका. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा बिटच्या मागे ठोका देते. त्याचं माप जूलमध्ये असतं, हातात धरायच्या लहान हॅमरला साधारण २ ते ३ जूल. जास्त वॉटच्या इम्पॅक्ट ड्रिलवर अंगाचा भार टाकून घाम गाळणाऱ्याने एकदा शेजाऱ्याचा हॅमर मागून बघावा.

'सगळं चीनमध्येच बनतं, मग काय फरक?' याचं उत्तर सोपं आहे. माकिताचा चीनमध्ये, कुनशानला स्वतःचा कारखाना आहे. चीनच्याच झेजियांग प्रांतातल्या योंगकांग या हार्डवेअरच्या गावात एकाच साच्याचं मशीन मागेल त्याचं नाव छापून देणारे कारखानेही आहेत. देश एक, पण मागणी काय नोंदवली आणि तपासणी कोण करतं यावर माल ठरतो.

आणि खरं नाव-बदल प्रकरण इथेच सापडतं. शंका घ्यायची ती महाग आणि स्वस्त यांच्यात नव्हे, स्वस्त आणि स्वस्त यांच्यात. ऑनलाइन एकाच घाटाचं ड्रिल पाच वेगवेगळ्या नावांनी, पाच रंगांत आणि पाच किमतींत दिसतं. पेटीतल्या बिट-पान्यांची मांडणीसुद्धा तीच. ते बहुधा एकाच साच्यातून निघालेलं असतं. त्यातलं ज्याला 'हेवी ड्यूटी प्रोफेशनल' म्हटलं आहे त्यासाठी वर पैसे मोजणारा मात्र फसतो, कारण 'प्रोफेशनल' हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र मशीन शॉक देणार नाही याची खात्री देतं. ते रोज आठ तास चालेल याची नाही. त्याहून वाईट म्हणजे नकली माल, म्हणजे नामवंत कंपनीच्या रंगात नि लोगोत निनावी मशीन. स्टिकर बदलणं ते हेच.

नामवंत ब्रँडलाच दर्जा समजणंही चूक. माकिताने पूर्वी 'माकटेक' नावाने नारिंगी रंगाची स्वस्त मालिका विकली, पुढे तीच 'माकिता एमटी' झाली. ते नाव बदलणं उघड होतं, पण माकिताच्या नेहमीच्या मालिकेची अपेक्षा ठेवून एमटी घेणाऱ्याची निराशा ठरलेली. याउलट २०१७ मध्ये मालकी बदलल्यावर हिताची कोकीची यंत्रं पुढच्या वर्षी 'हायकोकी' नावाने येऊ लागली, तेव्हा नवीन नाव पाहून बरेच जण बिचकले. मशीन जुन्याच घरचं होतं.

मग घरासाठी काय घ्यावं? पडद्याचे रॉड, फोटो, कपाटाची बिजागरी एवढंच काम असेल तर व्यावसायिक मशीन घेणं म्हणजे पैसे कपाटात ठेवणं. माहितीच्या कंपनीचं सर्वांत लहान १० मिमी चकचं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं, आणि उरलेले पैसे चांगल्या बिटवर घाला. बोथट बिटने महागडं ड्रिलही रडतं. धंद्यासाठी घेणाऱ्याने मात्र घरगुती मशीन घेताना वॉरंटीचं कार्ड आधी वाचावं. व्यावसायिक वापर झाला तर वॉरंटी नाही, असं त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

दोन मशिनं आतून एकच आहेत का, हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. त्याची एक साधी परीक्षा आहे. चांगल्या कंपन्या प्रत्येक मॉडेलचा सुट्या भागांचा तक्ता उपलब्ध करून देतात, त्यात आर्मेचर, गिअर, बेअरिंग, स्विच यांचे पार्ट नंबर असतात. दोन मॉडेलचे तक्ते शेजारी ठेवा. आर्मेचर आणि गिअरचे नंबर जुळले तर मशीन एकच, खुशाल स्वस्तातलं घ्या. जुळले नाहीत तर किमतीतला फरक कुठे गेला ते समोरच दिसेल. आणि ज्या मशीनचा असा तक्ताच कुठे मिळत नाही, त्याचे कार्बनसुद्धा सहा महिन्यांनी मिळणार नाहीत असं धरून चाला. बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यायला मात्र विसरू नका. नुसतं 'ड्रिल मशीन – १ नग' असं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जाण्यात काही अर्थ नसतो.