लायबल आणि स्लँडर : अब्रू एक, शब्द दोन

मराठीत दोन्हींना आपण सरसकट ‘बदनामी’ म्हणतो, कोर्टाची पायरी चढलो तर ‘अब्रूनुकसानी’. इंग्लंडच्या कायद्यात मात्र तोंडाने केलेली बदनामी ‘स्लँडर’ आणि लिहून, छापून किंवा अन्य टिकाऊ रूपात केलेली ‘लायबल’. ‘लायबल’चं मूळ लॅटिन ‘लिबेलुस’, म्हणजे छोटं पुस्तक. ‘स्लँडर’ फ्रेंचमार्गे आला. तो ‘स्कँडल’चा सख्खा भाऊ!

फरक नुसता नावाचा नाही. स्लँडरच्या दाव्यात प्रत्यक्ष आर्थिक नुकसान सहसा सिद्ध करावं लागतं. तुरुंगवासाच्या शिक्षेचा गुन्हा केल्याचा किंवा धंद्यात नालायक असल्याचा आरोप असेल, तर मात्र त्यातून सूट मिळते. लायबलला सहसा अशा पुराव्याची अट नसते. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं उरतं, हा त्यामागचा जुना हिशेब.

रेडिओ आला आणि हा हिशेब चुकला. उच्चारलेला शब्द एकाच वेळी लाखोंच्या कानांवर पडू लागला. म्हणून ब्रिटिश संसदेने 1952च्या कायद्याने प्रसारणातली बदनामी लायबल ठरवली आणि 1968मध्ये रंगमंचावरचे संवादही त्याच खात्यात टाकले. नट तोंडानेच बोलतो, पण कायद्याच्या लेखी ते लिहिलेलं!

भारतीय दंड संहितेने 1860मध्येच हा घोळ टाळला होता. कलम 499मध्ये बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा आणि चित्रं एकाच माळेत ओवली होती. 1 जुलै 2024पासून तीच व्याख्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356मध्ये आहे. कमाल शिक्षा : दोन वर्षांची साधी कैद.