रांगेतलं गणित, डोळ्यांतला उजेड

मोतीबिंदूचं ऑपरेशन हात बसलेला सर्जन दहा मिनिटांच्या आत करतो. त्यासाठी भोकरदन किंवा मंठ्याहून जालन्याला आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा मात्र अख्खा दिवस जातो, कधी दोन जातात. पहाटेची एसटी, केसपेपर, नंबर, तपासणी, डोळ्यांत थेंब, पुन्हा नंबर, रक्त-लघवी, मग डॉक्टर. सोबत आलेल्या मुलाची किंवा सुनेची रोजंदारी बुडते ती वेगळीच. दहा मिनिटांच्या कामाभोवती एवढा वेळ साचतो तरी कसा?

‘पेशंट फार आणि डॉक्टर कमी’ हे उत्तर आपल्या तोंडावर असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. रांग का वाढते आणि कशी आटते, याचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यातले नियम इतके अनपेक्षित आहेत की ते पहिल्यांदा कळल्यावर दवाखान्यातल्या बाकाकडे पाहण्याची नजरच बदलते.

हे शास्त्र जन्मलं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत. आग्नर एरलांग नावाच्या डॅनिश गणितज्ञापुढे प्रश्न होता की गावासाठी टेलिफोनच्या किती लाइनी टाकाव्यात. कोण कधी फोन करील सांगता येत नाही, कोण किती वेळ बोलेल तेही सांगता येत नाही. तरीही या सगळ्या अनिश्चिततेची सरासरी गणितात पकडता येते, हे त्यानं १९०९ साली दाखवून दिलं. आता फोनच्या जागी पेशंट ठेवा आणि लाइनीच्या जागी डॉक्टर. पेशंट कधी येईल ठाऊक नाही, त्याला किती वेळ लागेल ठाऊक नाही. एरलांगचं गणित जालन्याच्या ओपीडीला जसंच्या तसं लागू पडतं.

ते काय सांगतं, हे आकड्यांतच पाहू. एक डॉक्टर आहे, पेशंट मनाला येईल तेव्हा येतात आणि एका तपासणीला सरासरी ५ मिनिटं लागतात. डॉक्टरांचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर पेशंटला सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. गर्दी थोडी वाढली आणि डॉक्टर ९० टक्के वेळ गुंतले, तर थांबणं ४५ मिनिटांवर जातं. ९५ टक्क्यांना ते ९५ मिनिटं होतं. काम शेवटच्या पाच टक्क्यांनी वाढलं आणि वाट पाहणं दुपटीहून जास्त झालं! शंभर टक्क्यांच्या जवळ जावं तशी रांग अमर्याद वाढत जाते. डॉक्टरांचा एकही क्षण रिकामा जाऊ नये अशी व्यवस्था कागदावर काटकसरीची दिसते, पण तीच रांगेला जन्म देते. थोडी उसंत ही रांग पुढं सरकत राहण्याची अटच आहे.

याच गणितातून सुटकेचे मार्गही निघतात. पहिला मार्ग अनियमितपणा कमी करण्याचा. वरच्या उदाहरणात प्रत्येक तपासणी जवळपास सारख्याच वेळेत होऊ लागली, तर डॉक्टरांनी जराही घाई न करता पेशंटचं थांबणं निम्म्यावर येतं. म्हणून पट्टी बदलायला आलेला, नवा आलेला आणि नुसता रिपोर्ट दाखवायला आलेला, यांना एकाच रांगेत उभं करू नये.

दुसरा मार्ग रांगा जोडण्याचा. दोन डॉक्टरांच्या दारापुढे दोन वेगळ्या रांगा असतील आणि दोघेही ९० टक्के गुंतलेले असतील, तर सरासरी थांबणं ४५ मिनिटं. त्याच दोन डॉक्टरांसाठी एकच रांग केली, की जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा पेशंट जातो आणि थांबणं सुमारे २१ मिनिटांवर येतं. डॉक्टर तेच, पेशंट तेच, खर्च शून्य, फक्त रांगेची मांडणी वेगळी.

तिसरा मार्ग वेळ देण्याचा. १९५२ साली ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी रुग्णालयांच्या ओपीडीसाठी एक सोपा नियम काढला. सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, म्हणजे डॉक्टर रिकामे बसणार नाहीत. पुढचे मात्र एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतरानं बोलवा. आपल्याकडे सकाळी नऊला शंभर जणांना एकदम बोलावण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्यातला शेवटचा माणूस दिवसभर ताटकळतो, कारण त्याला नऊला बोलावलेलं असतं. पिठाच्या गिरणीवर आपण डबा रांगेत ठेवून घरी जातो आणि दळण झालं की परत येतो. रांग असते, पण माणूस तिच्यात अडकत नाही. वेळ देऊन बोलावणं म्हणजे नेमकं हेच.

या तीन मार्गांखेरीज रांगेचा आणखी एक नियम तर थक्क करणारा आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकानं १९६१ साली सिद्ध केलं की आवारात सरासरी जेवढी माणसं असतात, ती येण्याच्या वेगाला थांबण्याच्या वेळानं गुणल्यावर येणाऱ्या संख्येइतकीच असतात. तासाला २० पेशंट येतात आणि प्रत्येक जण ३ तास थांबतो, तर कोणत्याही क्षणी आत ६० पेशंट असणार. प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरला तर १२० माणसं. तेवढी बाकं हवीत, तेवढं प्यायचं पाणी हवं, तेवढी स्वच्छतागृहं हवीत. आता हाच नियम उलटा वापरा. माणसं मोजा, येणारे मोजा, आणि घड्याळ न लावता कळेल की तुमच्याकडे माणूस किती वेळ अडकून पडतो. तीन तासांचे दोन केले तर नवी इमारत न बांधता वीस पेशंटांची आणि वीस नातेवाइकांची जागा मोकळी होते.

आता जालन्याकडे येऊ. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. लोखंडी सळ्यांचे कारखाने, बियाण्यांचा व्यापार आणि मोसंबी ही त्याची ओळख. बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच बियाण्यांचं काम सुरू केलं, १९६४ साली ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच बारवाल्यांनी जालन्यात, देऊळगाव राजा रस्त्यावर, श्री गणपती नेत्रालय उभारण्यात पुढाकार घेतला. मराठवाड्यासारख्या कोरडवाहू मुलखात डोळ्यांचं मोठं रुग्णालय उभं राहणं याचं मोल काय, हे एका आकड्यावरून कळतं. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेलं आढळलं. म्हणजे तीनातल्या दोन अंध माणसांची नजर एका छोट्या ऑपरेशननं परत येऊ शकते. उपाय ठाऊक आहे, डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग उपलब्ध आहे, कसबी हात आहेत. उरतो प्रश्न त्या माणसाला त्या हातापर्यंत वेळेत आणि त्याच्या ऐपतीत पोचवण्याचा. तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.

याचं सर्वांत उजळ उत्तर मदुराईत सापडलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्याच हातांनी त्यांनी आयुष्यात एक लाखावर ऑपरेशनं केली. त्यांनी सर्जनच्या वेळेकडे फार बारकाईनं पाहिलं. साध्या थिएटरमध्ये ऑपरेशन संपतं, पेशंट उठतो, टेबल पुसलं जातं, दुसरा पेशंट येतो, त्याचा डोळा धुतला जातो आणि तोवर सर्जन उभा असतो. अरविंदमध्ये एका सर्जनसाठी दोन टेबलं मांडली. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावरचा पेशंट पूर्ण तयार होतो. सर्जन सूक्ष्मदर्शकासह दुसऱ्या टेबलाकडे वळतो. डोळा तपासणं, थेंब घालणं, भिंगाचा नंबर मोजणं ही कामं खेड्यांतून निवडून खास प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात. डॉक्टरांच्या वाट्याला फक्त डॉक्टरांनीच करायचं काम उरतं. तिथला एक सर्जन वर्षाला सुमारे दोन हजार ऑपरेशनं करतो. १९९२ साली त्यांनी ‘ऑरोलॅब’ काढून भिंगंही स्वतः बनवायला घेतली, आणि परदेशातून आणताना गरिबाला न परवडणारं भिंग काही शे रुपयांत मिळू लागलं. ज्यांना परवडतं ते पैसे देतात, आणि त्यातून निम्म्याहून जास्त पेशंटांची ऑपरेशनं मोफत किंवा नाममात्र दरात होतात. ही रीत इतरांना शिकवण्यासाठी १९९२ सालीच वेगळी संस्था निघाली आणि शेकडो नेत्ररुग्णालयांनी तिच्याकडून धडे घेतले.

आता मोतीबिंदूच्या पेशंटची वाट पावलापावलानं पाहू. नोंदणी, मग तक्त्यावरची अक्षरं वाचणं, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करायचे थेंब, डॉक्टरांची तपासणी, भिंगाच्या नंबरासाठी मोजमाप, रक्तदाब आणि साखर, समुपदेशन, ऑपरेशनची तारीख. यात थेंबांचा अर्धा तास कुणालाही घाईनं उरकता येत नाही, बाहुली तिच्या गतीनंच मोठी होते. थेंब डॉक्टरांकडे पोचल्यावर घातले, तर तो अर्धा तास वाया गेला. तेच आधी घातले आणि त्या अर्ध्या तासात समुपदेशकानं ऑपरेशन समजावून सांगितलं, साखर तपासून घेतली, तर तोच अर्धा तास कामी लागला. औषध तेच आणि माणसं तीच, क्रम तेवढा बदलला.

प्रत्येक वाटेत एक अरुंद जागा असते आणि सगळ्यांचा वेग ती ठरवते. बऱ्याचदा ती आपल्याला वाटते तिथे नसते. सर्जन मोकळा असतो, पण हत्यारांचा संच ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलेला नसतो. १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेत हत्यारांना पंधरा-वीस मिनिटं राहावंच लागतं, मग ती सुकायला, थंड व्हायला वेळ. हा वेळ कापणं म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणं. इथला उपाय म्हणजे हत्यारांचे जादा संच घेणं. आणखी एक सर्जन नेमण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. पण अडलंय कुठे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

वेग वाढला की चुका वाढतील, अशी भीती कुणालाही वाटेल. त्यावरचा उपायही व्यवस्थेतच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली, हे सगळ्यांनी मोठ्यानं म्हणून खात्री करायची. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मोठ्या शस्त्रक्रियांनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली. एका कागदानं एवढी माणसं वाचली. डोळ्यांच्या थिएटरमध्ये ‘उजवा की डावा’ आणि ‘भिंगाचा नंबर कोणता’ हे दोन प्रश्न मोठ्यानं विचारण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

रांगेचा एक उगम मात्र रुग्णालयाच्या बाहेर, थेट शेतात आहे. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, उन्हाळ्यात-पावसाळ्यात नको, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. त्यात कापूस वेचणीच्या दिवसांत घरातलं कुणी सोबत येऊ शकत नाही. मग पेशंट काही आठवड्यांत एकदम दाटतात आणि उरलेल्या दिवसांत टेबलं रिकामी राहतात. आजच्या तंत्रानं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोणत्याही ऋतूत सुरक्षितपणे होतं. ही एक गोष्ट गावोगाव नीट समजली, तरी रांग वर्षभरात पसरेल आणि थंडीतली गर्दी आपोआप ओसरेल. गावात शिबिर घेऊन पेशंटला रुग्णालयाच्याच गाडीनं नेण्या-आणण्याची रीतही म्हणूनच मोलाची. सोबत कोण येणार, भाडं कुठून आणायचं, हे दोन्ही अडसर ती एकदम दूर करते.

सरकारी बाजूलाही बदल होत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढण्याची सोय देशातल्या अनेक रुग्णालयांत आली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींना शरीरशास्त्राबरोबर रांगेचं हे गणितही शिकवलं जावं. पेशंटचा बुडालेला दिवस कोणत्याही रुग्णालयाच्या जमाखर्चात दिसत नाही. तो पेशंटच्याच खिशातून जातो. तो वाचवणं हाही उपचारच आहे.

या कामाला मोठं भांडवल लागत नाही. अंबड, परतूर किंवा जाफराबादमध्ये एका खोलीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांनी एवढंच करावं: एक दिवस प्रत्येक केसपेपरवर तीन वेळा लिहून ठेवाव्यात. पेशंट आला कधी, आत गेला कधी, बाहेर पडला कधी. संध्याकाळी ते कागद एकत्र मांडून पाहावेत. रांग कुठे तुंबते ते लगेच दिसेल, आणि पुढच्या आठवड्यात काय बदलायचं तेही. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणाची नजर अंधुक होत असेल, तर थंडीची वाट पाहू नका. वेळ घ्या आणि या आठवड्यातच डोळे तपासून घ्या.