'पल्याडचे' म्हणजे कोण?

धामणगाव बढेहून पुण्या-मुंबईला शिकायला गेलात की पहिला प्रश्न ठरलेला : "धामणगाव? ते रेल्वेवालं का?" मग सांगत बसा, "नाही हो, ते अमरावती जिल्ह्यात. आमचं बुलढाण्यातलं, मोताळा तालुक्यातलं." चार दिवसांत होस्टेलवर तुमचं नावच 'विदर्भ' पडतं. गावात कुणी तुम्हाला अशी हाक मारली असती का?

'हिब्रू' हा शब्दही बहुधा असाच पडला. मराठी बायबलमध्ये तो 'इब्री' असा येतो. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ओलांडणं, पार जाणं. म्हणजे इब्री तो पल्याडचा, युफ्रेटिस नदीपलीकडून आलेला. बायबलमध्ये हा शब्द पहिल्यांदा अब्राहामासाठी येतो. त्याचा पूर्वज एबर याच्या नावावरून तो आला, असंही काही जण मानतात. पण गंमत पाहा, बायबलमध्ये हा शब्द बहुतेकदा परक्यांच्या तोंडी किंवा परक्यांशी बोलताना येतो. आपसात ते स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणत, म्हणजे इस्राएलची लेकरं.

हेच नाव आपल्या कोकणातल्या ज्यूंचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेले आपले पूर्वज, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, पण शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद. गावानं नाव ठेवलं, 'शनिवार तेली'. त्यांनी आडनावं घेतली ती गावांची : नवगावकर, किहीमकर, पेणकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड हे चेऊलकरच. घरात बोली मराठी.

पुढे बरेच जण इस्राएलला गेले. तिथं तर सगळे आपलेच, नाही का? पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबाबत शंका काढली : हे खरे ज्यू कशावरून? 'इस्राएलची लेकरं' हे नाव पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्यांना इस्राएलमध्येच आंदोलन करावं लागलं. १९६४मध्ये धर्मगुरूंना माघार घ्यावी लागली.

कोकणात ते 'शनिवार तेली', इस्राएलमध्ये 'भारतातले'. लोकांनी दिलेली नावं बदलत गेली, स्वतःचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

तेव्हा उद्या तुमच्या रूमवर कुणी नवा पोरगा आला, तर त्याला 'बिहारी' किंवा 'मद्रासी' म्हणण्याआधी एक करा. त्याला त्याचं नाव विचारा. आणि गावाचंही. त्याच्या गावाच्या नावाचेही कदाचित दोन-चार गाव असतील!