वस्तरा ज्याचा त्याचाच

दाढी हे आपल्याकडे उरकून टाकण्याचे काम झाले आहे. आंघोळीपूर्वी गालाला फेस फासायचा, चार हात फिरवायचे आणि एस.टी. गाठायची. अलीकडे मात्र काही तरुण मंडळी पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळलेली दिसतात. कोमट पाणी, साबणाची वाटी, ब्रश आणि हाताने घडवलेला उघडा वस्तरा असा थाट मांडून ती सावकाश दाढी करतात. 'डॉक्टर, हे चांगले का?' असे कुणी विचारले, तर माझे उत्तर 'हो' असते. पण त्या 'हो'ला एक अट आहे.

आधी फायदे पाहू. कोरडा केस ताठ व चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो. म्हणून दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजू द्यावी. ब्रशने फेस करताना केस उभे राहतात आणि साबणाच्या थरावरून पाते अलगद सरकते. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते, तरीही धार जाते. असे का, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. केस तिरका आला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेचा सूक्ष्म टवका उडतो. बोथट पाते केस कापत नाही, ओढते. मग आपण जोर लावतो आणि कातडी सोलवटते.

वस्तऱ्यासाठी इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन ही गावे प्रसिद्ध. तेथील कारागीर पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून धार अतिशय पातळ करीत. वापरण्यापूर्वी ती चामड्याच्या पट्ट्यावर घासून नीट करायची. आपल्या न्हाव्याच्या धोकटीतही असा पट्टा असे. १९०४ साली किंग जिलेट यांना बदलत्या पात्याच्या रेझरचे अमेरिकेत पेटंट मिळाले आणि पुढे घरोघरचा वस्तरा मागे पडला.

आता अट. माझ्या एका रुग्णाच्या मुलाने हौसेने परदेशी वस्तरा मागवला होता. बापलेक दोघेही तोच वापरत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी वडिलांचे रक्त तपासले, तेव्हा त्यात 'ब' प्रकारच्या काविळीचे विषाणू आढळले. त्यांना त्रास काहीच नव्हता. मुलगा म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, आम्ही रोज धुऊन ठेवतो.' मी त्याचे रक्त तपासून घेतले. सुदैवाने ते निर्दोष निघाले आणि त्याला लस टोचली. पण दैवाच्या भरवशावर दाढी करू नये.

'ब' काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतके रक्तही त्याला पुरते. 'क' प्रकारची कावीळही अशीच रक्तातून पसरते. ही दोन्ही दुखणी वर्षानुवर्षे मुकाट राहून यकृत खराब करतात. पाते पाण्याखाली धरल्याने किंवा जंतुनाशकात क्षणभर बुडवल्याने ही भीती जात नाही. तुरटीने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त थांबते, एवढेच. ती विषाणू मारत नाही. उलट एकच खडा दहा गालांवर फिरला, तर तोच धोक्याचा.

ब्रशचीही एक कथा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४-१८) इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स, म्हणजे गुरांची काळपुळी, झाला होता. नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस ब्रशला वापरले गेले होते. तेव्हा ब्रश खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा आणि रोज धुऊन, झटकून वाळवावा.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे :

१) वस्तरा, ब्रश व तुरटी घरातसुद्धा ज्याची त्याची वेगळी हवी.

२) कातडी ताणून, केसांच्या दिशेने हात फिरवावा. उलटी दाढी केल्यास कुरळे केस कातडीत घुसतात आणि पुळ्या येतात.

३) गालावर पुळ्या, केसतोड वा चामखीळ असेल तर त्यावरून पाते फिरवू नये. बरे होईपर्यंत थांबावे.

४) काम झाल्यावर पाते पुसून, कोरडे करून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

५) हात कापणाऱ्यांनी, तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उघडा वस्तरा वापरू नये. मधुमेह असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

६) सलूनमध्ये नवे पाते डोळ्यांसमोर घालायला सांगावे. त्यात न्हाव्याचा अपमान नाही. त्याच्याही बोटांना कापते, त्यामुळे यात त्याचेही हित आहे.

'ब' काविळीची लस पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशी तीनदा घ्यायची असते. लहानपणी टोचली नसेल, तर मोठेपणीही घेता येते. तेव्हा सकाळी दहा मिनिटे आधी उठा, पाणी कोमट करा आणि दाढीचा आनंद खुशाल घ्या. सुपारी वाटून खावी, वस्तरा मात्र वाटून घेऊ नये.