परदेशी शिक्षण : सप्टेंबर की जानेवारी?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, ते बडोद्याची शिष्यवृत्ती हाती घेऊनच. आधी शिष्यवृत्ती, मग प्रवास, हा क्रम आपण विसरू नये.

अमेरिका-इंग्लंडमध्ये मुख्य सत्र ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते. जानेवारीतही प्रवेश मिळतो. पण अभ्यासक्रम मोजके, आर्थिक साहाय्यही कमी. म्हणून पदवीच्या निकालाची वाट न पाहता वर्षभर आधी अर्ज करावा. अनेक विद्यापीठे निकालाच्या अटीवर प्रवेश देतात. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीलाही प्रवेशाचे पत्र जोडावे लागते.

उशीर झालाच, तर घाईने कर्ज काढून जानेवारी गाठण्यापेक्षा पुढचा सप्टेंबर बरा. शिक्षण चालू असतानाही कर्जावर व्याज चढते, हे आम्ही बँकेत रोज पाहतो. शिष्यवृत्तीला व्याज नसते.