‘क्वीन’चे पुढे काय?

लंडनच्या केन्सिंग्टन भागातील ‘गार्डन लॉज’ या घरात २४ नोव्हेंबर १९९१ च्या संध्याकाळी फ्रेडी मर्क्युरी गेला. वय ४५. कारण, एड्समुळे झालेला ब्राँकोन्यूमोनिया. आपल्याला एड्स आहे, हे त्याने जगाला सांगितले ते जेमतेम एक दिवस आधी. घराबाहेर फुलांचा खच पडला आणि चाहत्यांमध्ये लगेच चर्चा सुरू झाली, की आता ‘क्वीन’चे काय होणार? उरलेले तिघे नवा गायक आणणार, की दुकान बंद करणार? आणलाच, तर कोण?

गायक जाऊन आठवडा झाला नाही तोच ही चर्चा, असे म्हणून तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ उभे राहिले, तरी यात नवल वाटणार नाही. रुग्ण गेल्याचे सांगितले की नातेवाईक क्षणभर गप्प होतात, आणि पुढच्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारतो, ‘गावाकडची शेती आता कोण बघणार?’ यात निर्दयपणा नसतो. गेलेल्या माणसाची जागा केवढी होती, याचा अंदाज मन त्या प्रश्नातून घेत असते. चाहत्याचे कलावंताशी नाते एकतर्फी असते खरे. कलावंताला त्याचे नावही ठाऊक नसते. म्हणून त्याचे दुःख खोटे ठरत नाही. उलट, त्याला कुणी भेटायला येत नाही, सुतक नाही, रजा नाही. मग उरते ती एवढीच चर्चा.

मर्क्युरीच्या बाबतीत तर अंदाज बांधण्याची सवय लोकांना त्याच्या हयातीतच लागली होती.

हा मुलगा आपल्याला अगदीच परका नव्हे. मूळ नाव फारोख बलसारा. झांझिबारला जन्मलेला पारशी, आणि आडनाव गुजरातेतल्या बलसाडवरून आलेले. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले. पियानो तो तिथेच शिकला, आणि ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँडही तिथल्याच मित्रांबरोबर काढला. पुढे कुटुंब इंग्लंडला गेले, आणि १९७० मध्ये ‘क्वीन’ची सुरुवात झाली. या सदराच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवडेल. मर्क्युरी चित्रकला-आरेखन शिकलेला, पण बाकीचे तिघे विज्ञानाचे विद्यार्थी होते. गिटारवादक ब्रायन मे भौतिकशास्त्राचा; त्याने अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएच.डी. २००७ मध्ये पूर्ण केली. ड्रमवादक रॉजर टेलर दंतवैद्यकासाठी लंडनला आला होता आणि बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर.

२०१८ मध्ये आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटात १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाआधीच त्याला आजार कळल्याचे दाखवले आहे. नाट्यासाठी ते ठीक, पण क्रम चुकीचा आहे. निदान १९८७ मधले. फरक दोनच वर्षांचा वाटेल, पण एचआयव्हीच्या इतिहासात ती दोन वर्षे मोठी आहेत. रक्ततपासणी बाजारात आली तीच १९८५ मध्ये, आणि एझेडटी या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली मार्च १९८७ मध्ये. म्हणजे त्याला निदान मिळाले तेव्हा डॉक्टरांच्या हातात जेमतेम एक औषध होते. ते विषाणूला काही महिने रोखे. मग विषाणू आपले रूप बदलून त्याला दाद देईनासा होई. एचआयव्ही स्वतःच्या प्रती काढताना फार चुका करतो, आणि त्या चुकांतूनच औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होतात. एकट्या औषधाने ही लढाई जिंकता येणार नव्हती. हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली.

ऑगस्ट १९८६ मधल्या नेबवर्थच्या कार्यक्रमानंतर ‘क्वीन’ने त्याच्यासह दौरा केला नाही. चाहत्यांनी कारणे शोधायला सुरुवात केली. भांडण झाले असेल, कंटाळा आला असेल, आवाज गेला असेल. फेब्रुवारी १९९० मध्ये ब्रिट पुरस्कार घ्यायला तो मंचावर आला तेव्हा गाल बसलेले, सूट अंगावर लोंबणारा. त्यानंतर अटकळींना ऊत आला. छायाचित्रकार घराबाहेर पाळत ठेवून बसू लागले. साथीदार मात्र विचारणाऱ्याला तो ठीक आहे असेच सांगत राहिले.

ते खोटे होते. पण रुग्णाचे गुपित राखणे हा अपराध नव्हे. मर्क्युरीने आजार लपवायला नको होता, जाहीर केला असता तर हजारोंना धीर आला असता, असे मत तेव्हाही मांडले गेले आणि आजही ऐकू येते. ते मांडणाऱ्यांना १९८० च्या दशकातली भीती आठवत नसावी. एचआयव्हीबाधिताला घर, नोकरी, शाळा यांतून हाकलले जात होते. आपल्याकडे तर रुग्णाच्या खाटेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याची पद्धत होती. संमतीशिवाय एचआयव्ही असल्याचे उघड करू नये, हे भारतात कायद्याने ठरले ते २०१७ मध्ये, आणि तो कायदा लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये. कुणाला काय आणि कधी सांगायचे, हे रुग्णानेच ठरवायचे. मर्क्युरीने अखेरच्या निवेदनात हेच सांगितले: आजूबाजूच्या माणसांचे खासगीपण जपण्यासाठी गप्प राहिलो, आता चाहत्यांनी या रोगाविरुद्धच्या लढ्यात साथ द्यावी.

बाहेर तर्क चालू असताना आत काम चालू होते. १९९१ च्या वसंतात तो स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत येऊन, अंगात बळ असेल तेवढे तास उभा राहून गात होता. मी गेल्यावर तुम्ही हे पूर्ण करा, अशीच त्याची भूमिका होती. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे राहिले आणि तो थकून थांबला. ते त्याच्याकडून पुन्हा झालेच नाही. गाणे १९९५ च्या ‘मेड इन हेवन’ या संग्रहात आले तेव्हा शेवटचे कडवे ब्रायन मेने गायले होते. बँडचे पुढे काय, या प्रश्नाचे एक उत्तर स्वतः मर्क्युरी असे देऊन गेला होता. चाहत्यांना ते चार वर्षांनी ऐकायला मिळाले.

त्याच नोव्हेंबर महिन्यात आणखी एक घोषणा झाली होती. मर्क्युरीच्या मृत्यूच्या १७ दिवस आधी, ७ नोव्हेंबर १९९१ रोजी, अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले. तोही आता जाणार, असेच लोकांनी गृहीत धरले. तो साठी ओलांडून धडधाकट जगला. नशीब, श्रीमंती, गुप्त औषध असे बरेच तर्क त्यावर लढवले गेले. खरे कारण साधे आहे. जॉन्सनचा संसर्ग विम्यासाठी केलेल्या तपासणीत, कोणतेही लक्षण नसताना कळला. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी एकेक करून संपवतो, आणि त्याला सहसा आठ-दहा वर्षे लागतात. जॉन्सनकडे त्या पेशींची गंगाजळी शिल्लक होती. मर्क्युरीची संपली होती. १९९६ मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. तिन्हींना एकाच वेळी चुकवणे विषाणूला जमत नाही. १९९७ या एका वर्षात अमेरिकेतले एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले. एक जण त्या वर्षापर्यंत तग धरू शकला, दुसऱ्याला ती पाच वर्षे मिळाली नाहीत.

आणि ही औषधे गरिबांपर्यंत पोहोचली त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. वर्षाला दहा हजार डॉलरांहून महाग असलेली तीन औषधे २००१ मध्ये ‘सिप्ला’च्या युसूफ हमीद यांनी वर्षाला साडेतीनशे डॉलरांत, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी दरात देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले, त्या पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. विषाणूचे प्रमाण रक्तात मोजता न येण्याइतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. तरीही उशिरा, वजन घटून, क्षय किंवा न्यूमोनिया झाल्यावरच तपासणीला येणारे रुग्ण अजून दिसतात. तपासणी सरकारी केंद्रात मोफत आणि गुप्त होते. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक आहे.

पुन्हा बँडकडे. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली मैदानावर ७२ हजार लोकांसमोर स्मृतीचा कार्यक्रम झाला. एकेक मोठा गायक येऊन मर्क्युरीची गाणी गाऊन गेला, पण जॉर्ज मायकेलने ‘समबडी टू लव्ह’ असे गायले, की चाहत्यांनी वारस तिथेच ठरवून टाकला. पुढची काही वर्षे हा तर्क टिकला. त्या दिवशी मायकेलच्या मनात काय चालले होते, ते त्याने बऱ्याच वर्षांनंतर सांगितले. त्याच्या जोडीदाराला याच आजाराने ग्रासले होते, आणि तो समोर प्रेक्षकांत होता. १९९३ मध्ये तो गेला. मायकेल ‘क्वीन’मध्ये कधीच गेला नाही.

मर्क्युरीसारखा गायक मिळणे शक्य होते का? आवाजाचे उत्तर शास्त्रज्ञांनी शोधले आहे. २०१६ मध्ये युरोपातील संशोधकांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण केले. बोलण्यातला त्याचा आवाज जाडसर, खालच्या पट्टीचा होता. गाताना स्वराचा कंप सेकंदाला सुमारे सात वेळा, म्हणजे बहुतेक गायकांहून वेगाने होई. शिवाय स्वर खरखरीत करताना तो स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांनाही कंप देत असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एरवी आपण हे पडदे गाताना वापरत नाही. वरच्या जबड्यातल्या चार जादा दातांमुळे आवाज असा लागतो, ही समजूत त्याची स्वतःची. त्यामुळे त्याने ते कधी काढले नाहीत. आवाज घशात तयार होतो, तेव्हा दात काढल्याने फार बिघडले नसते. पण गायकाला हे पटवणे कठीण.

उरलेल्यांचे दुःख चाहत्यांच्या चर्चेत फारसे आले नाही. डीकन १९९७ नंतर मंचावरून कायमचा उतरला. मेला नैराश्याने गाठले, त्यासाठी त्याने रुग्णालयात राहून उपचार घेतले, आणि हे तो उघडपणे सांगतो. मे आणि टेलर पुढे पॉल रॉजर्सबरोबर, मग अॅडम लॅम्बर्टबरोबर फिरले, ते ‘क्वीन + अॅडम लॅम्बर्ट’ असे नाव लावून. त्या अधिक चिन्हात बरेच काही आले: हा माणूस जोडीला आहे, जागेवर नाही. काही चाहत्यांना तेही रुचले नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता अटकळी मेच्या प्रकृतीवर चालतात, कारण त्याने पंचाहत्तरी ओलांडली आहे. २०२० मध्ये बागकामात कंबरेखालचा स्नायू फाटला असे वाटून तो दुखणे काढत होता. तपासणीत मज्जातंतू दबल्याचे निघाले. त्याच दिवसांत सुमारे ४० मिनिटे छाती आवळून आली, दंड दुखले. तो हृदयविकाराचा छोटा झटका होता. व्यायाम करणारा, सडपातळ माणूस, तरी तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. तीन स्टेंट घातले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने सौम्य पक्षाघाताची बातमी दिली. अचानक डाव्या हातावरचा ताबा सुटला होता. गिटारवर सूर दाबतो तो हात डावा. रुग्णवाहिका लगेच बोलावली गेली, हे त्याचे भाग्य. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावे लागते. ‘झोपला की बरे वाटेल’ म्हणून आपल्याकडे ही वेळ हमखास वाया जाते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर १०८ ला फोन करायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

गाडी चालवायची नाही, विमानात बसायचे नाही, हृदयाची गती वाढेल असे काही करायचे नाही, अशी तंबी डॉक्टरांनी मेला दिली. हे सगळे त्याने चाहत्यांना स्वतःच सांगितले. कुणी विचारण्याआधी पहिल्यांदा सांगून टाकले ते हे, की हात चालतो आहे आणि गिटार वाजवता येते आहे.