युद्धोत्तर काळाची कविता : ओवेन आणि गर्नी

युद्धकवितेची चर्चा आपल्याकडे बहुधा विल्फ्रेड ओवेनपाशी येऊन थांबते. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामापूर्वी अवघा एक आठवडा, मारला गेला. युद्धोत्तर आयुष्य त्याच्या वाट्याला आलेच नाही. तरीही युद्धाचे चिरस्थायी परिणाम सांगणारी कविता म्हणून 'डिसेबल्ड' व 'मेंटल केसेस' याच कविता वर्गात शिकविल्या जातात. ओवेन स्वतः १९१७ मध्ये क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात मनोविकारासाठी दाखल होता. पण या दोन्ही कवितांत त्याने निवेदकाला रुग्णाच्या बाहेर उभे केले आहे. पहिलीत अपंग सैनिकाकडे तृतीयपुरुषी दृष्टीने पाहिले जाते, तर दुसरीत पाहणाऱ्या 'आपल्या'वर दोषारोप होतो. ही करुणा अस्सल आहे, परंतु ती साक्षीदाराची करुणा आहे.

आयव्हर गर्नीची गोष्ट निराळी. तो अधिकारी नव्हता, ग्लॉस्टरशर पलटणीतील साधा शिपाई होता; शिवाय संगीतरचनाकार. १९१७ मध्ये त्याला गोळी लागली, त्याच वर्षी विषारी वायूची बाधाही झाली. १९२२ पासून १९३७ मधील मृत्यूपर्यंत तो मनोरुग्णालयात होता, आणि त्याच्या उत्तम युद्धकवितांपैकी अनेक तेथे लिहिल्या गेल्या. त्यांत खंदक हे आठवणीतले स्थळ वाटत नाही. निवेदक अजून तेथेच वावरतो आहे असे वाटते. 'लाव्हेंती'मध्ये डबाबंद अन्नाच्या व मुरंब्याच्या कंपन्यांची नावे येतात. 'द सायलेंट वन'मध्ये काटेरी तारांपुढे पडलेल्या शिपायाला अधिकारी अतिशय सभ्यपणे पुढे सरपटण्याविषयी विचारतो आणि शिपाई तितक्याच सभ्यपणे नकार देतो. मृत्यू समोर असताना गर्नीचे लक्ष उच्चारांतील वर्गभेदाकडे आहे! ओवेनच्या कवितेत हे क्वचितच सापडेल. 'स्ट्रेंज हेल्स'च्या शेवटी तर तो जुने सोबती आता कोठे, कोणाच्या भत्त्यावर जगत असतील, याचीच विचारपूस करतो.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. युद्धाने गर्नीला वेड लागले, हे विधान सोयीचे असले तरी अपुरे आहे. १९१३ मध्येच, म्हणजे युद्धापूर्वी, त्याची प्रकृती एकदा ढासळली होती. त्याची कविता आजाराचा पुरावा म्हणून वाचली की तिच्यातील जाणीवपूर्वक रचना दिसेनाशी होते. युद्धात मारला गेलेला कवी एडवर्ड टॉमस याची पत्नी हेलन पुढे गर्नीला भेटावयास गेली, तेव्हा तिने ग्लॉस्टरशरचे नकाशे नेले होते. दोघांनी त्यांवर बोट फिरवीत ओळखीच्या पायवाटा शोधल्या. गर्नीच्या कवितेत गावांची नावे का दाटून येतात, याचा उलगडा या प्रसंगातून जितका होतो तितका कोणत्याही निदानातून होत नाही.

मराठी नवकवितेच्या विवेचनातही 'दुसऱ्या महायुद्धामुळे आलेले वैफल्य' हे कारण आपण असेच सहजी पुढे करतो. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) मध्ये रणभूमी नाही, यंत्रयुगातील महानगर आहे. तेथे युद्ध नेमके कोणत्या वाटेने आले, हे प्रत्येक कवितेपुरते वेगळे दाखवावे लागेल.